बारी बारा सेकंदांची, पुकारा कोणाच्या नावाचा?

१८ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला, तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांनीही स्टेटस ठेवलं : 'आपली संस्कृती'. मला दादांचा गाडा आठवला.

नव्वदचं दशक. मी सात-आठ वर्षांचा. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात यात्रेचा घाट म्हणजे चढाची धावपट्टी. चार बैल, पुढे घोडी, आणि सगळा हिशेब सेकंदांचा. दीड एकराच्या जोरावर दादांनी दोन बैल सांभाळले होते. पुढची जोडी मावसकाकांची, घोडी उसनी. आई चिडायची, "बाबासाहेबांनी देव सोडायला सांगितलं आणि तुम्ही देवाच्या यात्रेत गाडा पळवता!" दादा म्हणायचे, "मी बैलासाठी जातो." आईचं चूक नव्हतं, हे मला आज कळतं. पण दादांचंही कळतं.

कारण आजोबांच्या काळात घाटातले दगड वेचायला बोलावणं वस्तीलाच यायचं. जिवंत बैलाच्या कासऱ्याला हात लावायची सोय नाही. तोच बैल मेला की ओढायला आम्ही. १९२७ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. आमच्या गावात ओढकाम सुटायला मात्र पुढे कितीतरी वर्षं आणि बरीच भांडणं लागली.

त्या दिवशी प्रत्येक गाडा मालकाच्या पूर्ण नावाने पुकारला जात होता. आमची पाळी आली. "आता येतोय वस्तीचा गाडा." गाडा तेरा सेकंदांच्या आत निशाणापार गेला. भोंग्यावर सेकंद सांगितले, नाव नाही. दादा स्टेजजवळ गेले. उत्तर मिळालं, "गाडा पळाला ना, नाव कशाला पाहिजे?" पावसाळ्याआधी दादांनी बैल विकले.

२०१४च्या बंदीपासून २०२३च्या निकालापर्यंत वाद चालला तो क्रूरता की संस्कृती, एवढाच. क्रूरतेचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. पण संस्कृती म्हणणाऱ्यांनी सांगावं, यात्रा कमिटीत वस्तीतलं कोण आहे? आता तर बैलांची किंमत लाखांत, बक्षिसाला ट्रॅक्टर. ज्याला वैरणीपुरतं रान नाही त्याने काय जुंपायचं?

मागच्या यात्रेत पुतण्याचा गाडा पळाला. दादांनी सेकंद विचारले नाहीत. म्हणाले, "आडनावासकट पुकारलं का?"

मी फोन लावला. पुकारलं होतं मित्रमंडळाच्या नावाने. पोरांनीच तसं लिहून दिलं होतं.