होजाईचं काळं लाकूड

कामाख्येचं दर्शन झालं, काझीरंगात गेंडे दिसले, चहाच्या मळ्यात फोटो काढून झाले. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मला त्यात भर घालायची नाही. आसामात मी गेले होते ती होजाईसाठी. गुवाहाटीहून लामडिंगकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे गाव. बघण्यासारखं तिथे विशेष काही नाही, हुंगण्यासारखं मात्र आहे.

वासाच्या बाबतीत मी तुसडी आहे. मॉलमध्ये 'ऊद' म्हणून सोनेरी बाटलीतून जे अंगावर फवारतात त्याने माझं डोकं उठतं. मुंबईत महंमद अली रोडवर एका अत्तरवाल्याने एकदा अगरूचा, म्हणजे ऊदाच्याच लाकडाचा, खरा तुकडा निखाऱ्यावर ठेवला होता. "होजाईचा माल," एवढंच तो बोलला. तेव्हापासून हे गाव डोक्यात होतं.

ओळखीतून ओळख काढत एका व्यापाऱ्याच्या घरी पोचले. पुढे बैठकीची खोली, मागे कारखाना. अंगणात दहाबारा माणसं पटाशी घेऊन लाकडं कोरत बसली होती. अगरूचं निरोगी लाकूड पांढरं आणि बिनवासाचं. एक अळी खोड पोखरते, त्या वाटेने बुरशी शिरते, आणि झाड स्वतःला वाचवायला जी राळ सोडते तिने लाकूड काळं पडतं. हे काळं तेवढं मोलाचं. म्हणून ही माणसं दिवसभर पांढरं तासून टाकत असतात. सीमेपलीकडे सिल्हेटला तर झाड आजारी पडावं म्हणून खोडात शेकड्यांनी खिळे ठोकतात.

चाचांनी (त्या व्यापाऱ्याला सगळे चाचाच म्हणत होते) सालीचा एक पट्टा हातात दिला. "इसपर किताब लिखते थे." ऐकल्यावर मी तिथेच रेंगाळले. आसामातल्या जुन्या पोथ्या याच सालीच्या, सांचीपाताच्या. कामरूपाच्या भास्करवर्म्याने सातव्या शतकात हर्षाला ज्या भेटी पाठवल्या, त्यांच्या यादीत बाणभट्टाने कृष्णागरूचं तेलही नोंदवलंय आणि अगरूच्या सालीवरची पुस्तकंही. एकाच झाडाचं अत्तर आणि ग्रंथ! त्या भेटी नेणाऱ्या दूताचा मला हेवा वाटला.

मग पिंपांकडे गेलो. लाकडाचा चुरा त्यात पाण्यात कित्येक दिवस भिजत ठेवतात, मग डेगेत उकळून तेल काढतात. झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरले. पावसाळ्यातला गोठा! शेण, ओला कडबा, आंबोण, सगळं आलं. चाचा खूश. आखातातल्या शौकिनांना हाच वास लागतो म्हणे. 'हिंदी' ऊद म्हणून तो ओळखला जातो. त्यांनी मनगटावर थेंब लावला. अर्ध्या तासाने गोठा मागे पडला आणि खालून जुनं चामडं, मध, किंचित धूर असं काहीतरी वर आलं. मनगट नाकापासून हलवेना.

बैठकीत चहा आला. मी पर्समधून क्योतोची उदबत्ती काढली. भाचीने आणलेली, सुतळीइतकी बारीक, आत बांबूची काडी नसलेली. चाचांनी ती लावली, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खुशबू है दीदी, मगर शरमाती है."

मी जपानची बाजू घेतली. तिथले खरे दर्दी लाकूड जाळतच नाहीत. राखेत निखारा पुरायचा, वर अभ्रकाची चकती, तिच्यावर लाकडाची कपची, आणि ते भांडं हातोहात फिरवायचं. धूर नाही, नुसता वास. नाराच्या शोसोइन भांडारात रंजाताई नावाचा अगरूचा ओंडका आहे, 156 सेंटिमीटर लांब, 11.6 किलो वजनाचा. 1574 मध्ये सरदार ओदा नोबुनागाने सम्राटाची परवानगी काढून त्याचा तुकडा कापून घेतला. त्या जागी आजही चिठ्ठी लावलेली आहे. चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आज बेचेंगे तो किलो का क्या भाव?"

उत्तरादाखल त्यांनी मबखरा, म्हणजे अरबी धुपाटणं, मागवला, निखाऱ्यावर एक काळी चिप ठेवली. धूर दाढीखाली घेतला, मग बाह्यांत, मग तो माझ्या ओढणीखाली धरायला सुनेला सांगितलं. बरीच वर्षं ते दुबईत दुकान सांभाळून होते. अरबांकडे जेवण-कॉफीनंतर मबखरा फिरला की पाहुण्यांनी उठायचं, असा रिवाज त्यांनीच सांगितला. मी लगबगीने पर्स उचलली. चाचा खो खो हसले. "बैठिए, हम तो आसाम के हैं." आणि माशाचं कालवण-भात आला, त्याची सर मात्र कुठल्याही अगरूला नव्हती.

माझं मत विचाराल तर लाकूड कळतं ते जपानी पद्धतीने, आणि अंगावर मिरवावं ते आखाती पद्धतीने. मॉलवाल्यांची पद्धत कोणतीच नव्हे.

होजाईला गेलात तर तेलाच्या भरीस पडू नका, चिप्स घ्या, आणि घेण्याआधी पाण्यात टाकून बघा. बुडते ती राळेने भरलेली. परदेशी न्यायच्या असतील तर कागदपत्रं करा, 1995 पासून या झाडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. आणि तेल लावलंच तर परतीच्या गाडीत बसायच्या निदान तासभर आधी लावा. मी तसं केलं नाही, आणि समोरच्या बाईंनी पुढचं स्टेशन यायच्या आत जागा बदलली.