हुकलेल्या नेमाचा एक गुण

वकिलीत वीस वर्षे काढली की मनुष्याला थोडक्यात हरण्याची सवय होते. माझ्या अशिलाला मात्र ती नव्हती. गेल्या वर्षी एका वृद्ध शेतकऱ्याचा दावा मी असाच हरलो. ताबा शाबीत झाला, साक्षी टिकल्या. परंतु ज्यावर सारी भिस्त होती ते खरेदीखत नोंदलेले नव्हते. निकालानंतर कोर्टाच्या पायरीवर बसून म्हातारा म्हणाला, "वकीलसाहेब, एवढे सगळे खरे ठरले, त्याचे आम्हाला काहीच नाही?"

त्यानंतर काही महिन्यांनी भाच्याकडे मेलबर्नला जाणे झाले. तिकडच्या फुटबॉलचे त्याला वेड. लंबगोल चेंडू आणि गोलासाठी ओळीने रोवलेले चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण. नेम चुकून तो कडेच्या खांबाकडून गेला तर एक. पंच तेव्हा दोनाऐवजी एकच निशाण हलवतो. हुकलेल्या नेमाची अशी रीतसर दखल घेणारा कायदा मी प्रथमच पाहिला.

"मामा, हा लॉकेट बघा," असे म्हणून त्याने १९९६ चा एक जुना सामना लावला. टोनी लॉकेट हा धिप्पाड आघाडीवीर. प्रथम सेंट किल्डा, पुढे सिडनी स्वान्स. १९८७ साली त्याला ब्राउनलो पदक विभागून मिळाले. ६ जून १९९९ रोजी त्याने कॉलिंगवुडविरुद्ध तेराशेवा गोल केला, आणि कॉलिंगवुडच्याच गॉर्डन कॉव्हेंट्रीचा १९३७ पासूनचा १२९९ गोलांचा विक्रम मागे पडला. प्रेक्षक मैदानात लोटले. कारकीर्दीअखेर २८१ सामन्यांत १३६० गोल. गृहस्थ साधुपुरुष मात्र नव्हे. १९९४ साली याच सिडनीविरुद्ध खेळताना त्याने पीटर केव्हन या खेळाडूचे नाक कोपराने फोडले आणि आठ सामन्यांची बंदी ओढवून घेतली. केव्हनचे लक्ष चेंडूकडे होते. त्या प्रकरणी वकीलपत्र माझ्याकडे आले असते, तर चिथावणीचा बचाव घेण्याचे धैर्य मला झाले नसते. त्याच दिवशी त्याने अकरा गोल केले आणि त्याचा संघ एका गुणाने जिंकला, हेही नोंदले पाहिजे.

पण मी पाहत होतो तो सामना उपांत्य फेरीचा, एसेंडनविरुद्ध. जांघेच्या दुखापतीने जायबंदी झालेला लॉकेट, दोन्ही संघांचे गुण समसमान, आणि अखेरच्या क्षणी त्याने चेंडू झेललेला. अंतर पन्नास मीटरच्या आसपास. वेळ संपल्याचा भोंगा वाजला, तरी झेलामुळे मिळालेली लाथ त्याच्या हक्काची होती. त्याने ती मारली. नेम हुकला. पंचाने एकच निशाण हलवले, आणि सिडनी अंतिम फेरीत गेली.

परत आल्यावर अपिलाचे कागद घेऊन म्हातारा आला, तेव्हा न राहवून मी त्याला ही हकीकत सांगितली. त्याने लक्षपूर्वक ऐकली.

"मग त्या गड्याने शेवटचा सामना मारला?"

खोटे बोलणे शक्य नव्हते. अंतिम सामन्यात लॉकेटने सहा गोल केले, तरी नॉर्थ मेलबर्नने त्रेचाळीस गुणांनी बाजी मारली. अजिंक्यपद त्याच्या वाट्याला कधीच आले नाही.

म्हातारा जरा वेळ गप्प राहिला. मग कागद पुढे सरकवीत त्याने विचारले, "आपली तारीख कधीची धरायची?"