सोडवण्याची घाई

माझ्या प्रार्थना कीटकाचा, म्हणजे मँटिसचा, मधला डावा पाय एका दयाळू माणसाने उपटला. त्याचा राग अजून गेलेला नाही. दुष्टपणाने उपटला असता तर एव्हाना गेलाही असता.

पावसाळ्याच्या तोंडाशी गच्चीतल्या जास्वंदीवर बोटाच्या पेराएवढं पिल्लू सापडलं, ते मी घरात आणलं. उंच बरणी, तोंडाला मच्छरदाणीची जाळी, आत एक काडी, रोज पाण्याचा हलका फवारा. खायला आधी पिकल्या केळ्यावरची चिलटं, मग माश्या, मग पतंग. थोडं वाढल्यावर पोटाखालची वलयं मोजली. मादीला सहा दिसतात, नराला आठ. ही मादी निघाली. इतपत सांभाळणं कुणालाही जमेल.

जमत नाही ते कात टाकताना नुसतं बघत बसणं. मोठी होईपर्यंत मादी सात-नऊ वेळा कात टाकते. आधी काही दिवस खाणं सोडते, समोर आलेल्या माशीपासूनही मागे सरते. तेव्हा बरणीतला जिवंत किडा काढून घ्यायचा, कारण मऊ पडलेल्या मँटिसला साधा रातकिडासुद्धा कुरतडू शकतो. मग ती जाळीला मागच्या पायांनी उलटी लटकते. पाठीवर कात उकलते, छाती बाहेर येते, डोकं येतं आणि अंगाच्या वजनानेच एकेक पाय जुन्या कातीतून खाली सरकतो. म्हणून तर बरणी तिच्या लांबीच्या तिप्पट तरी उंच हवी. सगळे पाय सुटले की ती शेपटाच्या टोकाने तेवढी कातीत अडकून राहते, डोकं खाली, पाय गोळा केलेले, हालचाल नाही. बघणाऱ्याला वाटतं, मेली किंवा मरायला टेकली. खरं तर पायांत बळ यायची ती वाट बघत असते. मग एका झटक्यात वर वळून जाळी धरते. त्या मधल्या वेळात अंग ओल्या कागदासारखं मऊ असतं, आणि पाय ज्या आकारात वाळतील त्याच आकारात पुढच्या कातीपर्यंत राहतात.

श्रावणात मोठे दीर दोन दिवस राहायला आले होते. मी आत कुकर लावत होते. बाहेर आले तर बरणीची जाळी टेबलावर, आणि भाऊजी हातात ती रिकामी कात धरून उभे.

"अगं, अडकली होती बिचारी. सोडवली मी तिला."

ती बरणीच्या तळाशी कुशीवर पडली होती. मधला डावा पाय कातीबरोबर भाऊजींच्या चिमटीत होता. पुढचा डावा पाय, शिकार धरायचा काटेरी पाय, कोपरापाशी उलटा वळला होता. मी तिला काडीला उलटं टेकवायचा प्रयत्न केला. तिला पकडच घेता येईना. तासाभरात तो पाय तसाच वाकडा वाळला.

मी काही बोलले नाही. वयाने मोठे, पाहुणे आलेले. पण जेवताना त्यांनी ही सुटका सगळ्यांना रंगवून सांगितली. सासूबाई म्हणाल्या, लहानपणापासून याला मुक्या जिवांचा कळवळा. मुलांनी कौतुकाने ऐकलं. कुणी उठून बरणीत डोकावलंसुद्धा नाही. पाय गेला तिचा आणि पुण्य लागलं त्यांना, हेच मला खुपतं. मी भात वाढत राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं असं काही जण म्हणतील. आपल्या घरांतून किड्याच्या पायावरून थोरल्या दिरांना कुणी बोलतं का?

पुढे भरवणं आलं. माशी समोर आली की ती झेप घ्यायची, उजवा पाय बरोबर पोचायचा, डावा भलतीकडे, आणि माशी निसटायची. अंतराचा अंदाज मात्र तिचा कधी चुकला नाही. डोलत डोलत ती भक्ष्य निरखायची आणि टप्प्यात आल्याशिवाय पाय उचलायची नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद आणि जेनी रीड यांनी मँटिसच्या डोळ्यांवर मेणाने इवले चष्मे चिकटवून त्यांना त्रिमित चित्रं दाखवली होती. पडद्यावरचा खोटा किडा जवळ आल्यासारखा दिसला की ते खरोखर झडप घालायचे. 2016 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. माझ्या बरणीत तीच नजर शाबूत होती, हात तेवढा लुळा. मग मी चिमट्यात अर्धी कापलेली अळी धरून तोंडापाशी न्यायला लागले. चिमटा स्थिर धरला तर ती बघायचीही नाही. हलकासा थरथरवला की मान वळवायची.

गणपतीच्या आधी तिने पुन्हा कात टाकली. बरणी मी कपाटात ठेवली होती. वाकडा पाय सरळ होऊन आला, आणि तुटलेल्या पायाच्या जागी एक नवा, आखूड, फिकट पाय. असं होतं हे मी वाचलं होतं, तरी बघताना विश्वास बसेना. कीटकांना हे जमतं आणि आपल्याला एक नख परत यायला महिने लागतात.

भाऊजींचा मात्र दर आठवड्याला फोन येतो. घरातलं दुसरं कुणी तिची चौकशी करत नाही, ते करतात. पाय परत आला म्हटल्यावर केवढा आनंद झाला त्यांना! आपण काय केलं हे त्यांना आजही माहीत नाही. सांगावं असं आता वाटत नाही. मग पुन्हा वाटतं, सांगायलाच हवं.

शेवटची कात नवरात्रात. पंख फुटायचे होते. आणि या वेळी मागचा उजवा पाय खरोखर अडकला. ती वळली, जाळी धरली, पण जुनी कात त्या पायाला मोज्यासारखी लोंबत राहिली. मी थांबले. पंख पसरले, वाळायला लागले, तरी पाय सुटेना. शेवटी मुलीचा रंगवायचा बारीक कुंचला कोमट पाण्यात बुडवून ती कात ओली करत राहिले. ओढलं नाही. बऱ्याच वेळाने कात सैल पडली आणि तिने पाय स्वतःच काढून घेतला.

म्हणजे हात मीही घातलाच. भाऊजींनाही ती अडकलीच आहे असं वाटलं होतं, आणि मलाही तसंच वाटलं. फरक थांबण्याचा, पाण्याचा, हे मी मनाला सांगते. पण किती थांबल्यावर अडकलं म्हणायचं, हे मला अजून धड सांगता येत नाही. म्हणून मँटिस पाळू बघणाऱ्यांना मी बरणीची उंची सांगते, जाळी सांगते, औषध फवारलेल्या घरातलं झुरळ देऊ नका म्हणते. कुंचल्याचं सांगत नाही. सांगितलं तर पाचव्या मिनिटालाच कुणीतरी कुंचला हातात घेईल.