दोन सह्यांची रेकॉर्ड

ध्वनिशास्त्रावर बोलायचा मला काही अधिकार नाही. मी बी.कॉम. आहे. गेली बावीस वर्षं बँकेत ज्या काउंटरवर बसतो तिथे नोटा मोजायच्या यंत्राची फरफर, टोकनची टिंग आणि 'साहेब, पासबुक' हे तीनच स्वर लागतात. तरीपण 'रेकॉर्ड चांगली की सीडी?' या वादात मी बिनधास्त पडतो, कारण त्यात पडणाऱ्या बाकीच्यांचे कानही माझ्याइतकेच वापरलेले असतात. सीडी वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज देते म्हणतात. चाळिशी उलटलेल्या माणसाला त्यातले वरचे चार-पाच हजार बहुधा ऐकूच येत नाहीत. म्हणजे दोन भाडेकरूंनी गच्चीवरून भांडावं आणि जिना दोघांनाही चढवू नये, तसली गत.

आमच्या घरातलं भांडण एकाच रेकॉर्डचं. सायमन आणि गारफंकल या अमेरिकन जोडीची 1970 सालची 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'. अण्णा म्हणजे माझे वडील आणि बाळकाका, या दोघांनी गिरगावच्या खोलीत राहत असताना अर्धे अर्धे पैसे घालून ती जुन्या बाजारातून आणली होती. फोक-रॉक म्हणजे काय ते आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. ती त्याला 'त्या दोघांचं भजन' म्हणायची आणि ते लागलं की वाती वळायला बसायची.

1994 साली खोली विकली. अण्णा डोंबिवलीला गेले, काका पार्ल्याला. वाटणीत पितळी डबे, पाट, तांब्याचा बंब सगळं मोजून निम्मं निम्मं झालं. त्यात रेकॉर्ड अण्णांकडे आली आणि प्लेअर काकांकडे गेला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर दोघांच्या सह्या असल्याशिवाय पैसे निघत नाहीत असं खातं. आणि सही मागायला कोण जाणार? बोलणं अगदीच बंद नव्हतं. लग्नाकार्यात 'काय, बरं?' इतपत होतं.

नोकरी लागल्यावर मी तिची सीडी आणली. अण्णांनी डोळे मिटून सगळी ऐकली आणि म्हणाले, "स्वच्छ आहे. इस्पितळासारखी." महिन्याभरात काकांनीही तीच सीडी घेतली आणि मला फोन केला, "दादाला सांग, आता त्या तव्याची गरज नाही." म्हणजे ज्याच्याजवळ रेकॉर्ड होती त्याला ती वाजवता येत नव्हती, आणि ज्याला वाजवता आली असती त्याला ती नको होती. पुढे वीस वर्षं हा वाद माझ्यामार्फत चालला. सणावारी मी इकडचा निरोप तिकडे पोचवत असे. क्लिअरिंगचं काम मला नवीन नाही.

गेल्या वर्षी काकांना कानाचं मशीन लागलं. तेव्हा मी ठरवलं, आता प्रत्यक्ष चाचणी. नाहीतर ती राहूनच जायची.

तयारीसाठी थोडं वाचलं आणि गंमत वाटली. एल.पी. रेकॉर्ड बाजारात आणली कोलंबिया कंपनीने, 1948 साली. या दोघांची ही तबकडीही कोलंबियाचीच. सीडी आणली 1982 साली सोनी आणि फिलिप्स यांनी. आणि 1988 साली सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेऊन कोलंबियालाच खिशात घातलं. विलीनीकरण! आमचे भाऊ ज्यावरून भांडत होते ती दोन्ही घरं केव्हाच एका छपराखाली गेली होती.

शिवाय ज्या ध्वनीच्या शुद्धतेवरून एवढा वाद, तो ध्वनी होता कसला? 'सेसिलिया' या गाण्याचा ठेका म्हणजे घरी जमलेल्या मंडळींनी पियानोच्या बाकावर आणि हाताला लागेल त्यावर केलेली बडवाबडवी. ती घरगुती टेपरेकॉर्डरवर टिपली होती, आणि त्यातला बरा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून त्यावर गाणं उभं केलं. 'द बॉक्सर'मधला तो तोफेसारखा ड्रम हॅल ब्लेन यांनी स्टुडिओबाहेर लिफ्टपाशी वाजवला, घुमावा म्हणून. आमच्या सोसायटीच्या लिफ्टपाशी एवढा आवाज केला असता तर सेक्रेटरीने नोटीस लावली असती.

आणखी एक गोष्ट कळली, ती मला हिशेबाची म्हणून आवडली. तबकडी मिनिटाला तेहेतीस फेरे एकाच गतीने फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर खाच सरकते. आत आत जावं तशी ती निम्म्यावर येते. तेवढ्याच गाण्याला निम्मी जागा, म्हणून शेवटची गाणी जरा चेपलेली लागतात. सीडीत हा पक्षपात नाही. पहिल्याला आणि शेवटच्याला सारखाच व्याजदर.

रविवारी अण्णा पंचात गुंडाळलेली रेकॉर्ड घेऊन पार्ल्याला आले. "केवळ शास्त्रासाठी हं," असं दारातच सांगितलं. काकूने चहा टाकला. दुसरी बाजू लावली, कारण ती 'बॉक्सर'ने सुरू होते, म्हणजे बाहेरच्या कडेला. ड्रम वाजला आणि कपाटाची काच थरारली. अण्णांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. शेवटचं गाणं अगदी लहान, जवळजवळ नुसत्या गिटारवरचं. तिथे खरखर गिटारच्या बरोबरीने गात होती. मग तेच सीडीवर लावलं आणि काका म्हणाले, "ऐक. बोट तारेवरून सरकतंय."

"तुला कसं ऐकू आलं?" अण्णा म्हणाले. "तुझं मशीन डिजिटल आहे ना? तुझ्या कानात रेकॉर्डसुद्धा सीडी होऊनच शिरते. बाद!"

मला वाटलं, आटोपलं. पण काकांनी शांतपणे मशीन काढून बशीत ठेवलं, पुन्हा 'बॉक्सर' लावायची खूण केली आणि प्लेअरच्या लाकडावर तळवा टेकून बसले. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला त्यांचं बोट वर होत होतं. एकही चुकलं नाही. मग मध्येच सुई टकटकली.

"हा ओरखडा तुझा, दादा," काका मोठ्याने म्हणाले. मशीन बशीतच होतं.

"माझा? बाळ्या, तू गणपतीत पोरांना नाचवायला लावली होतीस ही!"

अण्णांचं हे बोलणं काकांना ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण उत्तर बरोबर त्याचंच आलं. काकूने चहाचं दुसरं आधण ठेवलं. मी मध्ये पडलो नाही. निघताना अण्णांनी पंचा घडी करून पिशवीत घातला. रेकॉर्ड प्लेअरवरच होती. पहिली बाजू ऐकायची राहिलीच होती.