वीस गुंठ्यांतला हुरडा

दिवाळी सरली की आमच्या घरात एकच विचारणा सुरू होते. नातवंडं विचारतात, सुना विचारतात, वाघोलीची बहीण फोनवर विचारते, मगरपट्ट्यात नोकरीला असलेल्या पोराच्या हापिसातली मंडळी निरोप धाडतात, "हुरडा कवा?" मी म्हणतो, "कणसाला विचारा. मला काय विचारता?"

मांजरी बुद्रुक हे आमचं गाव. पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठावर. २०२१ साली तेवीस गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यात आमचंही गाव गेलं. म्हणजे कागदोपत्री मी आता पुणेकर. सकाळी उठून ज्वारीला पाणी देणारा पुणेकर. आमच्या शिवारात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, जवळच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. उसाचं आणि द्राक्षाचं शास्त्र शिकायला लांबलांबची माणसं इथं येतात. आणि आता गावातच ऊस आणि द्राक्षबाग शोधत हिंडावं लागतं. जिथं बाग होती तिथं लिफ्ट आहे.

माझ्याकडं राहिलंय एक एकर. तीन बाजूंनी इमारती, चौथ्या बाजूनं रस्ता. त्यातल्या वीस गुंठ्यांत मी दरवर्षी शाळू पेरतो, मालदांडी. थोरला पोरगा हिशेब मांडून दाखवतो. बियाणं, पाणी, खुरपणी, राखण आणि शेवटी हातात काय? त्याचा हिशेब बरोबर आहे. मी त्याच्याशी वाद घालत नाही. पण हे वीस गुंठे मी हिशेबासाठी ठेवलेलेच नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात आमची विहीर तळाला गेली होती. मी तेव्हा शाळेत होतो. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर तुटायची. आई रोज भाकरीला नावं ठेवायची आणि रोज तीच आम्हाला वाढायची. ते वर्ष सरल्यावर वडील म्हणाले, "ऊस लाव, द्राक्ष लाव, काय लावायचं ते लाव. पर खायाची जवारी दुसऱ्याच्या दारात मागायला जायचं न्हाय." वडील गेले, पण त्यांचा शब्द त्या वीस गुंठ्यांत राहिला. आणि गंमत बघा, तेव्हा ज्वारीची भाकरी गरिबाची आणि गव्हाची चपाती पाहुण्याची होती. आता बाजारात चांगली मालदांडी गव्हाला मागं टाकते. २०२३ हे साल तर सगळ्या जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं. ज्वारी आहे तिथंच उभी राहिली, माणसंच फिरून तिच्याकडं आली.

शहरातल्या पोरांना वाटतं, हुरडा म्हणजे कधीही जावं आणि खावं. तसं नसतं. शाळूची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जमिनीला वाफसा येईल तशी. मी सगळं रान एका दिवशी पेरत नाही. आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तीन टप्प्यांत पेरतो आणि कडेला पाच-सहा ओळी सुरतीच्या टाकतो. सुरतीचा दाणा गोड, हातावर चोळला की भुसातून लगेच सुटतो. कणीस भरत आलं की रोज सकाळी एखादा दाणा नखानं दाबून बघायचा. दूध आलं तर अजून कच्चा. पीठ लागलं तर गेला. मऊ, हिरवा, मळलेल्या कणकेसारखा लागला की तो हुरडा. ही वेळ एका कणसाला आठ-दहा दिवसांची, जास्त नाही. पुढं दाणा टणक होतो, मग तुम्ही कितीही भाजा. तीन टप्प्यांमुळं डिसेंबरच्या अखेरीपासून तीन-चार रविवार मिळतात.

रविवार हा आताचा. आमच्या लहानपणी शेतकऱ्याला कसला रविवार? पाहुणा आला की हुरडा, शाळेचे गुरुजी आले की हुरडा. आता पोरांना सुट्टी असेल त्या दिवशी सण. आणि थंडीच्या रविवारी सगळं पुणं बाहेर पडतं, सिंहगडावर नाहीतर खडकवासल्याच्या चौपाटीवर. एकदा आम्हीही गेलो होतो. जाऊन-येऊन सहा तास, त्यातले चार गाडीत. परत येताना नात म्हणाली, "आजोबा, आपलं शेतच बरं. तिथं गाडी लावायला जागा आहे."

शनिवारी रात्री कारभारीण शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी कुटते. रविवारी पहाटे मी आगटी करतो. हातभर खोल खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या. गोवऱ्या पेटून धूर निघून गेला आणि लाल निखारा झाला की कणसं आत सारायची. वरून राख ओढायची, फिरवत राहायची. भाजलेलं कणीस तळहातावर घेऊन चोळायचं, फुंकर मारायची आणि हिरवा दाणा पुढच्याच्या हातावर द्यायचा. चोळणारा स्वतः शेवटी खातो, ही रीत. सोबत चटणी, गूळ, बोरं, उसाची कांडी. वरून पाणी प्यायचं नाही, ताक प्यायचं. नातवंडांचे तळवे पहिल्या दिवशी लाल होतात. दुसऱ्या रविवारी तीच पोरं आपल्या मित्रांना चोळायला शिकवतात.

पाखरांची राखण मात्र अवघड झालीय. पूर्वी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली की पोपटांचा थवा उठून पलीकडच्या शिवारात जायचा. आता पलीकडं शिवार नाही, पार्किंग आहे. चार वर्षांमागं माझा एक गोटा कुणाच्या तरी गाडीच्या काचेवर गेला. वॉचमन गोटा हातात घेऊनच आला. काच भरून दिली, गोफण खुंटीला अडकवली आणि तेव्हापासून पत्र्याचा डबा वाजवतो.

पोरगा म्हणतो, "दादा, ताटाला पैसे लावू. लोक देतात." खोटं नाही. शासनाचं कृषी पर्यटनाचं धोरणही २०२० ला आलंय. हुरड्याच्या पैशानं किती तरी शेतकऱ्यांची घरं सावरली, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण माझ्या आगटीवर पैसे घेतले, तर ज्याला बोलवायचं राहून गेलंय त्याला कुठल्या तोंडानं बोलावणार? असा एक माणूस होता. सोळा-सतरा वर्षं राहून गेला होता.

आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. शाळेला बरोबर, तालमीला बरोबर. त्याचं आणि माझं रान बांधाला लागून. दरवर्षी आगटी मधल्या बांधावर व्हायची. कणसं माझी, गूळ त्याचा. २००७ साली पैलवानानं आपली सगळी जमीन विकली. तेव्हा गावात पैशाचा पूर आला होता. तो पेढ्याचा पुडा घेऊन माझ्या दारात आला. ओट्यावर चार माणसं बसलेली. मी म्हणालो, "पेढे कशाचे वाटतूस? आईचं तेरावं घालतूस का?"

त्यानं पुडा ओट्यावर ठेवला आणि मागं फिरला. बसलेले हसले. मलाही वाटलं, काय बोललो! त्यानंतर लग्नकार्यात समोरासमोर आलो की "बरं हाय का?" "बरं हाय." एवढंच. त्याच्या बायकोच्या किडनीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, हे मला दोन वर्षांनी तिच्या दहाव्याला नदीवर कळलं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मी तर विचारलंच नव्हतं.

२०२१ ला आमची कारभारीण महिनाभर दवाखान्यात होती. ती वाचली, पण दहा गुंठे गेले. सही करून मी घरी आलो आणि ओट्यावर बसून राहिलो. अंधार पडता पडता पैलवान फाटकाशी आला. मला वाटलं, आता हा बोलणार. त्याचा हक्कच होता. तो म्हणाला, "वहिनी कशा हायेत?" मी म्हणालो, "सुधरत्यात." "बरं," म्हणाला आणि गेला. त्यानं एखादा टोमणा मारला असता तर मी मोकळा झालो असतो. त्यानं नाही मारला, म्हणून तीन वर्षं झोपेत टोचत राहिला.

गेल्या वर्षी, भोगीच्या आधीच्या शुक्रवारी, धीर करून त्याच्याकडं गेलो. त्याच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत तो सातव्या मजल्यावर राहतो. सुनेनं दार उघडलं. पैलवान गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता, अंगावर शाल. मी शेजारी उभा राहिलो आणि खाली बघितलं. खाली माझा शाळू. अख्खे वीस गुंठे, तळहातावर घेतल्यासारखे.

माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "खालच्या अंगाचा पेरा यंदा मागं पडला का?"

"व्हय. पाऊस झाला मधी."

"आन् पाखरं दुपारी दोनला बसत्यात. तू तवा जेवायला जातूस. रोज बघतो मी."

मला पुढं बोलता येईना. इतकी वर्षं मी समजत होतो, यानं माती सोडली. आणि हा सातव्या मजल्यावरून माझ्या रानाची राखण करत बसला होता. शेवटी म्हणालो, "रविवारी हुरडा हाय. ये."

"बोलावतूस व्हय? येतो की."

रविवारी तो आला, हातात गुळाची ढेप. चप्पल बांधावर काढली आणि कुणाला न विचारता आगटीजवळ बसून कणसं फिरवायला लागला. पोराच्या हापिसातली मंडळी होती, सुनांच्या मैत्रिणी होत्या, वाघोलीची बहीण होती. सगळ्यांना वाटलं, हा घरातलाच. माझ्या नातीनं त्याला विचारलं, "तुमचं शेत कुठंय, आबा?" त्यानं पलीकडं गाड्या लावल्या होत्या तिकडं बोट केलं. म्हणाला, "त्या गाड्यांच्या खाली हाय की अजून."

मंडळी ताक प्यायला उठली, तेव्हा आगटीजवळ आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "पैलवान, त्या दिवशी ओट्यावर मी जे बोललो..."

त्यानं राखेतनं एक कणीस ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. हात भाजला. "चोळ," म्हणाला, "गार झाल्यावर दाणा सुटत न्हाय."

मी चोळलं, फुंकर मारली. पहिली मूठ त्याच्या हातावर दिली.

यंदाही शाळू पेरलाय, तीन टप्प्यांत. पुढच्या साली हे रान असंच राहील, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पोरांची मनं वेगळी, शहराची भूक वेगळी. पण यंदाचं कणीस भरत आलंय. आता राखणीची चिंता मी सोडलीय. दुपारी दोनला ताटावर बसलो की फोन वाजतो. पलीकडून पैलवान ओरडतो, "जेवतूस काय? ऊठ, पाखरं बसली!"