घुश्शातला घास

आमच्या सावेडीच्या घरात "अण्णा घुश्शात आहेत" एवढं म्हटलं की रेडिओसुद्धा हळू व्हायचा.

२००१ साली मी परदेशात जायचं ठरवलं आणि मूर्खासारखं ते जेवता जेवता सांगितलं. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि उठले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर सोडायलाही आले नाहीत. घुस्सा! मीही मनात धरून बसलो.

परवा सहज कोश चाळत होतो. हा आपला घुस्सा म्हणजे गुस्सा, आणि तो मूळचा अरबी. पण अरबीत त्याचा अर्थ राग नाहीच! घशात काहीतरी अडकून गुदमरणं, तो अडकलेला घास, असा अर्थ. कुराणाच्या ७३व्या सुऱ्यात नरकातल्या घशात अडकणाऱ्या अन्नासाठी हाच शब्द आलाय. त्यावरून मग घशाशी दाटणारं दुःख. फारसीत तो दुःखापाशीच थांबला. इराणी माणूस समजूत काढताना 'गोस्से नखोर' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'दुःख खाऊ नकोस'. रागाचा अर्थ हिंदी-उर्दूत पक्का झाला आणि आपण तोच घेतला. (घसा आणि घुस्सा यांचं नातं मात्र नाही बरं का, कानाला कितीही वाटलं तरी.) आपल्याकडे त्या अडकण्याला 'आवंढा' हा छान शब्द आहे, पण तो कोणी रागाला वापरत नाही.

वाचताना आपला भुईकोट किल्ला आठवला. मक्केत जन्मलेले, अरबीचे पंडित मौलाना आझाद १९४२ पासून तिथे कैदेत होते. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारली. आजाराच्या बातम्या येत होत्या, पण सरकारकडे काही मागायचं नाही म्हणून ते गप्प राहिले. वरून दिनक्रम तसाच. 'गुबार-ए-खातिर'मधल्या पत्रात त्यांनी हे सगळं लिहिलंय. बाहेरून बघणाऱ्याला तो माणूस कठोरच वाटला असेल.

असो. रात्री आईला फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी अण्णा किती चिडले होते गं?"

"चिडले कुठे? घास उतरेना त्यांना. मागच्या ओट्यावर अंधारात बसले होते कितीतरी वेळ."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू कुठं विचारलंस?"

अण्णांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.