पडद्यावरील रंग

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस तो काम करतो त्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरांत घेऊन गेला. तेथें चिठ्ठ्यांच्या जागीं आतां भिंतीवर पडदा आहे. वाढप्यानें मागणी नोंदली, कीं ती त्यावर चौकटींत उमटते. चौकट प्रथम हिरवी. उशीर झाला कीं लाल!

"सर, मला दोन्ही सारख्याच दिसतात," तो हळूच म्हणाला. मालकाचीं बोलणीं तो रोज खात होता, पण कारण सांगण्यास लाजत होता.

आम्हांस एकदम त्याचा भूगोलाचा नकाशा आठवला. जंगलें तांबडीं रंगविलीं म्हणून त्याला आम्हींच बाकावर उभें केलें होतें. लाल-हिरव्याचा भेद न कळणें हा जन्मजात दोष पुरुषांत विरळा नाहीं. आम्हांस मात्र ती बेपर्वाई वाटली!

त्याच्या संमतीनें आम्ही मालकांस भेटलों. गृहस्थ समंजस निघाले. आतां प्रत्येक चौकटींत किती मिनिटें झालीं तें ठळक आंकड्यांत दिसतें, आणि 'कांदा नको' ही सूचना पदार्थाच्या नांवाखालींच मोठ्या अक्षरांत येते. इतर आचाऱ्यांनाहि तें सोयीचें झालें. वाफेंतून आंकडा बरा वाचतां येतो.

नकाशाविषयीं आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो हसला, आमच्यापुढें चहा ठेवला, आणि पुन्हां पडद्याकडे वळला.